मिठी मारलेली गाजरं

घरात सूनबाईचं टोपणनाव ‘सीसीटीव्ही’ होतं. ते दिरानं ठेवलं होतं, नवऱ्यानं हसून पक्कं केलं होतं आणि सासूबाईंनी, आपल्याला हे माहीतच नाही असा चेहरा करून, मंजूर केलं होतं. नाव अगदीच वावगं नव्हतं. छकुलीनं घरात कुठंही काहीही तोंडात घातलं, की दोन खोल्या पलीकडून सूनबाईचा आवाज यायचा, “थुंक ते!” आणि छकुली थुंकायची. एकदा तर दिरानंही नुसतं दचकून तोंडातलं बिस्कीट थुंकलं होतं.

छकुली जगात आली तीच घाईघाईत, वेळेच्या बरीच आधी, मुठीएवढी. सुरुवातीचे आठवडे ती काचेच्या पेटीत होती. तिथल्या एका परिचारिकेनं सूनबाईला बाजूला घेऊन, अगदी मायेनं सांगितलं होतं, “हिच्यात फार जीव गुंतवू नका.” सूनबाईनं तो असा गुंतवला, की आता छकुली घरभर धिंगाणा घालत फिरत होती तरी तो सुटायचं नाव घेत नव्हता. त्यात सूनबाईची पदवी रसायनशास्त्रातली. बाजारच्या भाजीवर काय काय फवारलेलं असू शकतं, हे तिला नावानिशी ठाऊक होतं, आणि ती नावं ती जेवताना घेत असे.

“जरा मीठ दे,” नवरा म्हणायचा.

“त्याचंही सांगू का?”

“नको. अळणी खातो.”

शेवटी तिनं जाहीर केलं, की घरामागच्या मोकळ्या जागेत ती भाजी लावणार. फवारणी नाही, पोत्यातलं खत नाही, घरातला ओला कचरा घरातच जिरवायचा. घरापुरतीच नाही, तर विकायलाही. आळीतल्या काही घरांना दर मंगळवारी टोपली भरून द्यायची. तिनं गिऱ्हाइकं आधीच पटवली होती. शेजारचे निवृत्त हेडमास्तर, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई आणि आणखी दोन-चार घरं.

अडचण एकच होती. त्या जागेवर दिराचाही डोळा होता. त्याची गाडी शिकवण्याची शाळा होती, म्हणजे एक गाडी होती आणि तिच्या टपावर पाटी होती.

“मला मागं रिव्हर्स शिकवायला जागा पाहिजे,” तो म्हणाला. “रस्त्यावर शिकवतो तर लोक शिव्या घालतात.”

“पुढं न्यायला शिकवता तेव्हा नाही घालत?” सूनबाईनं विचारलं.

“वहिनी, तेव्हाही घालतात. पण तेव्हा आम्ही लांब निघून जातो.”

जागा सासूबाईंच्या नावावर. सासूबाईंनी आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेतले होते, अजूनही घेत होत्या. गळ्यात माप घ्यायची टेप, कानामागं खडू, आणि बोलणंही कात्रीसारखं. दोघांचं ऐकून त्यांनी खडू कानामागून काढला, तो नुसताच बोटांत फिरवला आणि निकाल दिला.

“हा हंगाम हिचा. दर मंगळवारी टोपल्या भरून गेल्या पाहिजेत, त्याही आपल्याच मातीतल्या मालानं. बाजारचं एक पान निघालं किंवा एक टोपली परत आली, की जागा याची. आणि हे बघा, मी मधे पडणार नाही.”

मधे पडणार नाही म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. शिलाई मशीन पुढच्या खोलीतून उचलून मागच्या खिडकीशी आणून ठेवलेलं होतं.

सूनबाई कामाला लागली. पहिली गोष्ट खताची. भाजीची सालं, देठं, अंड्याची टरफलं एका खड्ड्यात साठवायची, ती आपोआप कुजतात, तापतात आणि खत होतं, असं ती वाचून होती. पण ज्या खड्ड्याशी छकुली खेळणार त्यात घाण कशी टाकायची? तेव्हा सूनबाई प्रत्येक साल जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायची, निथळायची आणि मग खड्ड्यात ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची. महिना उलटला तरी खड्डा ढिम्म. सालं जशीच्या तशी, टवटवीत नाहीत पण टापटीप. वस्तुसंग्रहालयात मांडावीत तशी.

“तुझ्या हातचं काहीच कुजत नाही,” नवरा कौतुकानं म्हणाला. “प्रेमसुद्धा.”

“कुजवणारेच मारलेस की तू,” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. मग आठवून, “मी मधे पडत नाहीये.”

रसायनशास्त्राची पदवी असलेल्या बाईला हे स्वतःला सुचू नये, याचा सूनबाईला इतका राग आला, की ती थेट दुसऱ्या टोकाला गेली. गावाबाहेर घोडेस्वारी शिकवणारा एक तबेला होता. तिथून तिनं टेम्पो भरून ताजी लीद आणली. ताजी म्हणजे वाफा निघत असलेली. ती मुरू द्यावी लागते, हे तबेल्यातल्या माणसानं सांगितलं होतं, पण मंगळवार काही मुरायला थांबणार नव्हते. तिनं ती थेट मातीत मिसळली. त्या संध्याकाळी आळीतल्या सगळ्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद झाल्या. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून भिंतीपलीकडून म्हणाले, “सूनबाई, मी टोपलीची वर्गणी भाजीसाठी भरली होती. घोड्यासाठी नव्हे.”

मग गोगलगायी आल्या. पालकाची पानं एका सकाळी जाळीदार झालेली दिसली. सासूबाईंच्या विद्यार्थिनींना हेवा वाटावा असं नक्षीकाम. मीठ टाकलं की गोगलगायी मरतात, हे सगळ्यांनी सांगितलं, पण मारायचं कुणाला? त्यांच्यात एक अगदीच बारकी होती. सूनबाई रोज उजाडता उजाडता त्यांना चमच्यानं बादलीत गोळा करायची आणि भिंतीपलीकडं, हेडमास्तरांच्या शोभेच्या झाडांत, अलगद सोडून यायची. त्या तिकडं नाश्ता करायच्या आणि जेवायला परत यायच्या. पालक संपला. कसेबसे मुळे निघाले, त्यावर दोन मंगळवार भागले.

आणि आता भिस्त होती ती गाजरांवर.

गाजरं उगवली मात्र दणक्यात. बी बारीक, सूनबाईचा हात सढळ, त्यामुळं वाफ्यात रोपं अशी दाटली होती, की दात घासायच्या ब्रशासारखा वाफा दिसायचा. पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, की दोन रोपांत चार बोटांचं अंतर ठेवावं आणि मधली सगळी उपटून टाकावीत.

सूनबाई छकुलीला कडेवर घेऊन वाफ्याशी बसली. एक रोप चिमटीत धरलं. ते बाकीच्यांपेक्षा बारीक होतं, पाती फिकी, मान वाकलेली. उपटायचं तर हेच, हे उघड होतं. तिनं धरून ठेवलं आणि सोडून दिलं. शेजारचं धरलं. ते धडधाकट होतं, मग त्यानं काय पाप केलं होतं? दुपारपर्यंत ती बसून होती. उठली तेव्हा तिनं एकूण एक गवताची काडी उपटली होती आणि गाजराचं एकही रोप नाही.

“वहिनी, श्वास घ्यायला जागा नाहीये त्यांना,” दीर भिंतीवर रेलून म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती की आनंद, हे सांगणं अवघड होतं.

“घेतील ती. समजून घेतील एकमेकांना.”

नवरा दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला होता, तेव्हा तो प्रत्येक प्रश्नाकडं जबड्याच्या बाजूनं बघायचा. “जबडा लहान आणि दात जास्त, की काय होतं माहितीये? एक याच्या मागं, एक त्याच्यावर, एक आडवा…”

“ती गाजरं आहेत.”

“मी आपलं सांगून ठेवतो.”

“काढून टाकू म्हणतोस? निम्मी मारून टाकू?” तिचा आवाज असा काही चढला, की नवऱ्याला ती काचेची पेटी आठवली. पेटीशेजारच्या स्टुलावर आळीपाळीनं तोही बसला होता. त्यानं पुन्हा जबड्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी दुपारी तिनं पहिलं गाजर ओढलं. ते येईना. जोर लावला तेव्हा ते आलं, पण एकटं नाही. त्याच्या कमरेला दुसरं लपेटलं होतं. दुसऱ्याच्या दोन तंगड्या फुटल्या होत्या आणि त्या तिसऱ्याभोवती अशा काही पडल्या होत्या, की सूनबाईनं आधी छकुलीचे डोळे झाकले. पुढचं ओढलं, तर ते त्याहून वरचढ. कच्ची लीद, खालचे खडे आणि वरची गर्दी, यांनी मिळून जमिनीखाली जे काही चालवलं होतं ते चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं. पाठीला पाठ, पोटाला पोट, एकात एक. एक जोडी तर निवांत पहुडल्यासारखी. एक गाजर एकटंच होतं, पण त्याचा अवयवच असा होता, की ते एकटं होतं म्हणून जास्त वाईट दिसत होतं.

खिडकीतलं मशीन थांबलं.

“काय गं, निघाली का गाजरं?”

“निघतायत,” सूनबाई म्हणाली आणि चोरीचा माल लपवावा तशी सगळी पोत्याखाली ढकलली.

संध्याकाळी नवरा घरी आला तो हातात पिशवी लपवतच. स्वयंपाकघराचं दार लोटून त्यानं ती ओट्यावर रिकामी केली. सरळ, केशरी, सारख्या उंचीची गाजरं. कवायतीला उभी राहावीत तशी.

“बाजारची?” ती कुजबुजली.

“कुणाला कळणारे? थांब, बघ.” त्यानं खिशातून जुना टूथब्रश काढला, वाटीत बागेतली माती कालवली आणि प्रत्येक गाजराच्या रेघांत ती भरायला घेतली. एकाचं टोक मोडलं. एकाच्या खांद्यावर नखानं ओरखडा काढला. “माझं कामच हे आहे. नवी कवळी जरा पिवळट करायची, एखादा दात हळूच वाकडा बसवायचा. मग लोक म्हणतात, वा, यांचे दात अजून शाबूत.”

सूनबाई बघत राहिली. गाजरं खरोखर आत्ताच मातीतून काढल्यासारखी दिसत होती. तिच्या खऱ्या गाजरांपेक्षा कितीतरी जास्त खरी. आणि हा माणूस कामावरून दमून आलेला, बाहीला माती, जिभेचं टोक दातांत धरून तिच्यासाठी लबाडी करत होता. इतकं प्रेमळ तिच्यासाठी बऱ्याच दिवसांत कुणी काही केलं नव्हतं. तिनं एक गाजर उचललं आणि त्याला शेपटीशी थोडी माती लावली.

मंगळवारी सकाळी टोपल्या ओसरीवर ओळीनं मांडल्या होत्या. सासूबाई टेप गळ्यात घालून, काही मोजायचं नसताना, बघायला आल्या. दीरही आला, हातात गाडीची किल्ली फिरवत.

“छान आलीत की गं,” सासूबाई म्हणाल्या. त्या ‘छान’ असं सहसा म्हणत नसत. “अगदी एका मापाची.”

“मेहनत आहे तिची,” नवरा म्हणाला. त्याला एवढं बोलायची काही गरज नव्हती.

तेवढ्यात छकुली रांगत नाही, चालत नाही अशा तिच्या मधल्याच चालीनं टोपलीशी पोचली. तिनं मातीनं माखलेलं एक गाजर दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडात घातलं.

“थुंक ते!” सूनबाई ओरडली. “थुंक! बाजारचं आहे ते!”

छकुली थुंकली. दिराच्या बोटावर फिरणारी किल्ली थांबली. नवरा छताकडं बघायला लागला, जणू गाजरं तिथून पडली असावीत. सूनबाईचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला.

“बरं,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “मग आपली कुठायत?”

सूनबाईनं पोतं आणलं आणि ओसरीवर उलटं केलं. सासूबाई वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. एक जोडी उचलून उजेडात धरली, फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिली. दीर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

“काय शिकवलंस गं यांना?” सासूबाईंनी विचारलं.

“काहीच नाही, आई. उपटली नाहीत मी. वेळेवर उपटायला हवी होती, पण…” तिनं छकुलीला उचललं. “बारक्यांना उपटायचं असतं. मला नाही जमलं.”

सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग छकुलीकडं. त्यांनी ती जोडी परत पोत्यावर ठेवली, पण वेगवेगळी करायचा प्रयत्न केला नाही.

“आई, बाजारचा माल निघालाय,” दीर डोळे पुसत म्हणाला. “ठरलं होतं.”

“टोपली ओसरीबाहेर गेलेली नाही अजून. गेली की बघू.” मग सूनबाईला, “भर हीच.”

“आई, हेडमास्तरांना? ही?”

“त्यांनी जीवशास्त्र शिकवलंय.”

सूनबाईनं टोपल्या भरल्या, वर मुळ्याचा पाला पांघरला आणि छकुलीला कडेवर घेऊन निघाली. हेडमास्तरांनी दारातच पाला बाजूला केला. त्यांनी आत पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पाला परत नीट पांघरला, “आभारी आहे,” म्हणाले आणि दार लावून आतून कडी घातली. औषधवाल्या बाईंकडं मात्र गिऱ्हाइकांची रांग होती. त्यांनी टोपली तशीच काउंटरवर ठेवली, कुणीतरी पाला उचलला आणि रांगेतली शिस्त संपली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले एक गृहस्थ हसता हसता असे खोकले, की बाटली तिथंच उघडावी लागली.

दुपारी बाई स्वतः टोपली घेऊन आल्या. “माझ्या दुकानाची काही अब्रू आहे,” त्या म्हणाल्या. “आणि दिसतील ती दिसोत, सोलायची कशी ही? मधे सुरीच जात नाही!” हे मात्र खरं होतं.

टोपली परत आली. ठरल्याप्रमाणं विषय संपला होता. दिरानं किल्ली हळूच खिशात घातली, आणि तेच सूनबाईला जास्त लागलं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. ती वाफ्याच्या कडेला जाऊन बसली. छकुली मातीत बोटं खुपसत होती. सूनबाई मनात म्हणत होती, तेव्हा एवढीशी पोर हातात टिकवली, आणि चार वाफे नाही टिकवता आले.

एवढ्यात भिंतीपलीकडून हेडमास्तरांचं डोकं वर आलं. ते खुर्चीवर उभे असावेत.

“तुमच्या धाकट्याला जागा मिळणार असं ऐकतो,” ते सासूबाईंना म्हणाले. “म्हणजे ती गाडी उलटी येणार ती या भिंतीकडंच?”

“शिकाऊ लोक आहेत,” दीर घाईनं म्हणाला. “हळू येतील.”

“मागच्या महिन्यात ते हळूच माझ्या फाटकातून आत आले होते.” हेडमास्तरांनी घसा साफ केला. “सूनबाई, औषधवाल्या बाईंची टोपली मला द्या. दर मंगळवारी दोन घेईन. घोडा चालेल. गोगलगायीही चालतील, त्या तुमच्याकडून येतात हे मला माहीत आहे. गाजरं हवी तशी वागू देत. पण गाडी नको.”

सासूबाईंनी कानामागचा खडू काढला. त्या मागच्या दारातून जागेत उतरल्या, स्वतःच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, चपला चिखलात रुतवत.

“टोपली परत आली, म्हणजे सगळं कापड हिचं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि भिंत तशीच उभी राहायला पाहिजे, म्हणजे सगळं तुझंही नाही. फ्रॉक होत नसेल तर झबलं होईल. निम्मं ठेव, सूनबाई. कुठलं ते तू ठरवायचंस. मी नाही, हा नाही.”

“मी?”

“मग कोण? बाकीचं तूच उपटायचं. आजच.”

सूनबाई उभी राहिली. चार वाफे तिच्याकडं बघत होते. गोगलगायींची खाणावळ झालेला पालकाचा वाफा. जंतुनाशकाचा तो टापटीप खड्डा. मागच्या फाटकाकडचा कोपरा, जिथं ऊन कधी यायचंच नाही आणि तरी तिनं तिथं हट्टानं टोमॅटो लावले होते. ते टोमॅटो बिचारे केवळ तिचं मन राखायला जिवंत होते. तिला पहिल्यांदाच वाटलं, की त्यांना रोज पाणी घालताना आपल्याला त्यांचा थोडा रागच येत होता.

तिनं छकुलीला सासूबाईंकडं दिलं, पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि फाटकाकडून सुरुवात केली. पहिलं रोप उपटताना रडली. तिसऱ्याला नुसतं नाक ओढलं. आठव्या-नवव्यापर्यंत ती दिराला सांगत होती, “बघत काय उभे राहिलात? पोतं धरा!”

पुढच्या पेरणीची गाजरं वर आली तेव्हा सूनबाई पुन्हा वाफ्याशी बसली. हातात सासूबाईंची दोरा कापायची छोटी कात्री होती. पलीकडच्या अर्ध्या जागेत दिराची एक शिष्या गाडी मागं घेत होती. भिंतीवरून हेडमास्तर “डावीकडं! डावीकडं!” असं ओरडत होते आणि सासूबाई खिडकीतून “मी मधे पडत नाहीये, पण उजवीकडं!” असं सांगत होत्या. गाडी खताच्या ढिगात अलगद रुतून थांबली. या वेळी सालं न धुता टाकलेली होती. ढीग तापला होता, वास मारत होता, सगळं कसं रीतसर कुजत होतं.

सूनबाई एकेक रोप चिमटीत धरत होती. चार बोटं मोजायची, बारकं बघायचं, कात्री चालवायची. दर वेळी “सॉरी” म्हणत होती, आणि दर वेळचं “सॉरी” आधीच्यापेक्षा आखूड होत होतं. अगदी मधेच एक फिकं, मान वाकलेलं रोप आलं. तिनं कात्री लावली, काढली आणि त्याच्या शेजारची दोन धडधाकट रोपं कापून टाकली. एवढी वशिलेबाजी चालायचीच.

छकुली बाजूला बसून कापलेली रोपं गोळा करत होती. तिनं एक मूठ भरली, माती, शेपटी, पाती सगळ्यासकट, आणि तोंडात कोंबली. मग सवयीनं थांबली, गाल फुगवून, आईच्या आवाजाची वाट बघत.

सूनबाईनं ते पूर्ण पाहिलं. तिचे ओठ हललेसुद्धा. मग ती खाली वाकली, पुढचं रोप चिमटीत धरलं आणि वीज गेली की सीसीटीव्हीला दिसतं तेवढंच तिला दिसलं.

छकुलीनं आणखी थोडी वाट पाहिली आणि गिळलं.